‘का नाही’चा रकाना

ऑफिसात माझ्या टीममधली मुलं मला घाबरतात, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत मी सोळा वर्षं सॉफ्टवेअर लिहितेय. हल्ली लिहिते कमी आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासते जास्त. कोड कसा असावा याबद्दल माझी मतं पक्की आहेत. वाचताना अडखळायला होता कामा नये. एका फंक्शनने, म्हणजे कोडच्या एका तुकड्याने, एकच काम करावं, आणि ते काम कोणतं हे नुसत्या नावावरून कळावं. कुणी दोनशे ओळींचं एकच गाठोडं बांधून आणलं की माझं डोकं फिरतं. “हे काय आणलंयस, उकिरडा?” असं मी एकदा एकाला सगळ्यांसमोर म्हणाले होते. नंतर त्याला कॉफी पाजली, पण शब्द काही मागे घेतला नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या गोष्टीत गाठोडं बांधणारी मीच आहे.

तीनेक वर्षांपूर्वी मी रविवारचं एक काम अंगावर घेतलं. चामराजपेटेत एक बाई अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक शोधून देतात. अंध मुलगी परीक्षेला बसते तेव्हा ती उत्तर तोंडी सांगते आणि शेजारी बसलेलं माणूस ते कागदावर लिहितं, त्याला लेखनिक म्हणतात. लेखनिक मिळाला नाही तर अभ्यास कितीही झालेला असो, पेपर कोरा. या बाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड अशी काही मुरलेली आहे की सुरुवातीला मला निम्मं अंदाजाने समजून घ्यावं लागायचं. “स्वल्प थांब गं, हा फोन संपवते, मग तुझं काय ते सरी करू,” असं एका दमात बोलायच्या; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे ठीक. घराच्या मागच्या खोलीत टेबल, दोन फोन आणि एक लांबलचक रजिस्टर, एवढाच त्यांचा कारभार.

ते रजिस्टर मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यात मला एक गंमत दिसली. प्रत्येक पेपरसमोर कोण लिहायला जाणार त्याचं नाव होतंच, पण शेवटी एक रुंद रकाना होता, ‘का नाही’ असा. ज्यांना पाठवलं नाही त्यांची नावं आणि कारणं त्यात लिहिलेली. एकाच्या घरी लग्न. एकीचा हात दुखतोय. एकजण इतिहासाचाच मास्तर, म्हणून इतिहासाच्या पेपराला नको. एकाने परवाच पेपर लिहिलाय, आठवडाभर विश्रांती.

“अक्का, जे गेलेच नाहीत त्यांची नोंद कशाला?” मी विचारलं.

“गेला तो दिसतोच की. राहिला तो विसरायला होतो,” त्या म्हणाल्या.

मला हे फार बाळबोध वाटलं. हाताने काम करणाऱ्यांच्या सवयी, असं मनात म्हणून मी सोडून दिलं. कॉम्प्युटर विसरत नाही, असा तेव्हा माझा समज होता.

मी त्यांना एक प्रोग्राम लिहून दिला. सगळे स्वयंसेवक त्यात भरले, हजाराच्या वर नावं होती. पेपर कोणता, कधी, कुठे, कोणत्या भाषेत हे टाकलं की योग्य लेखनिकांची यादी यायची. आणि कोड असा सुरेख की माझा मलाच हेवा वाटावा. अक्कांच्या डोक्यातला एकेक नियम म्हणजे एकेक छोटं फंक्शन. भाषा येते का. त्या दिवशी मोकळा आहे का. घर जवळ आहे का. विषयाचा जाणकार तर नाही ना. विश्रांती झाली का. एकेका स्वयंसेवकाला पुढे बोलवायचं, त्याला हे पाच प्रश्न विचारायचे, पाचही ठिकाणी ‘हो’ आलं तर यादीत घ्यायचं. अक्कांना मी तो कोड मोठ्याने वाचून दाखवला, तर बाईंना चक्क कळला.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी नावं वाढली, परीक्षांचा हंगाम आला आणि यादी यायला वेळ लागायला लागला. अक्का बटण दाबून कॉफी ठेवायला जायच्या, कॉफी गाळून यायच्या, तरी पडद्यावर आपलं ते चक्र फिरतच असायचं. कधीकधी पान मध्येच मरून जायचं. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण एका रविवारी गेले तर रजिस्टर पुन्हा टेबलावर उघडं. ते बघून मला राग आला. त्यांचा नाही, माझाच.

दोष कुठे आहे ते मला लगेच कळलं. तो आधीच न दिसण्याइतकी मी कच्ची नव्हे, पण आपल्या घरातली धूळ आपल्याला दिसत नाही. समजा तुमच्याकडे वाणसामानाची शंभर जिनसांची यादी आहे. पहिली जिन्नस वाचायची, दुकानात जायचं, तेवढी घेऊन घरी यायचं. दुसरी वाचायची, पुन्हा दुकानात. माझा प्रोग्राम हेच करत होता. माहिती डेटाबेसात, म्हणजे दुकानात. एका माणसासाठी पाच खेपा, हजार माणसांसाठी पाच हजार. एकेक खेप क्षणाची, पण सगळ्या मिळून अक्कांची कॉफी दोनदा झाली असती. वाचायला जितकं छान, चालायला तितकंच रखडत.

मग मी एका रविवारी अक्कांच्याच टेबलाशी बसून सगळं उलटं केलं. पाचही नियम एकाच क्वेरीत कोंबले. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. एकच प्रश्न, पण कसला, तर एकाला एक जोडलेली सात कोष्टकं, त्यावर अटी, अटींच्या पोटात अटी. मला ते करताना मजा आली हे कबूल करते. डेटाबेस आपला प्रश्न कसा सोडवणार आहे ते आधी दाखवतो. कोणतं कोष्टक पहिल्यांदा उघडणार, कुठे शोधणार, कुठे गाळणार. मी एक अट इकडची तिकडे करायचे आणि त्याचा बेत बदललेला बघायचे. दुपारचं जेवणही मी त्याच नादात उभ्याउभ्या केलं. संध्याकाळी बटण दाबलं, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी हजर.

“अय्यो, केवढं बेग आलं,” अक्का म्हणाल्या. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं, मग तिसऱ्यांदा, आणि हसायला लागल्या.

ती क्वेरी ऑफिसातल्या कुणी माझ्याकडे तपासायला आणली असती तर मी त्याची सालटी काढली असती. इथे मी म्हटलं, गतीपुढे शहाणपण नको. आणि जाताना अक्कांना वर दमही भरला, “आता डोक्याने नाही हं अक्का, यादीने चालायचं. मधेच कुणाला तरी आठवून फोन करायचा नाही, नोंदी बिघडतात.” त्यांनी मान डोलावली आणि रजिस्टर कपाटात ठेवलं.

त्याच सुमाराला बाबा माझ्याकडे राहायला आले. आई गेल्यावर नाशिकचं घर त्यांना खायला उठलं होतं. बाबा सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आयुष्यभर यंत्रांची चित्रं काढली. इथे आले आणि त्यांचं सगळं बंदच पडलं. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. मी सकाळी निघाले की संध्याकाळपर्यंत बोलायला माणूस नाही. वॉचमनला ते रोज “सरी, सरी” म्हणायचे, तो काय म्हणाला ते न कळताच. एकदा माझ्याबरोबर चामराजपेटेत आले आणि अक्कांचं काम बघून त्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळलेला मी पाहिला. त्यांनी तिथल्या तिथे स्वयंसेवकाचा फॉर्म भरला. नाव, वय, पत्ता, भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी. येण्याची तयारी कुठेही, वार कोणताही.

“कन्नड नाही,” ते जरा ओशाळून म्हणाले.

“असू दे हो. हिंदी लिहिणारं माणूस इथे दिव्यानं शोधावं लागतं,” अक्का म्हणाल्या. “बोलतात सगळे, पेन धरायला सांगितलं की पळतात.”

पहिले काही आठवडे बाबा मी घरी आले की विचारायचे, “अक्कांचा काही निरोप?” मी म्हणायचे, नाही. मग विचारायचे, “बाकीच्यांना बोलावतात का?” मी म्हणायचे, बोलावतात, पण तुमच्याजोगं काही आलं नसेल. महिनाभराने एकदा जरा खोदूनच विचारलं, तेव्हा मी जरा चिडूनच बोलले, “बाबा, यादी प्रोग्राम काढतो, मी नाही. तुमची गरज पडली की येईल नाव.” त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटलं, विसरले असतील. सुटल्यासारखंही वाटलं.

पाच महिने गेले.

मग एका रविवारी मी गेले, तर अक्का हातात फोन धरून नुसत्याच बसलेल्या. येलहंक्याची एक मुलगी होती, बी.ए.ची. सगळे पेपर सुटले होते, पहिल्या वर्षाचा हिंदीचा एक राहिला होता. मागच्या खेपेला लेखनिक ऐन वेळी आला नाही म्हणून तो हुकला. आता बी.एड.ला प्रवेश मिळाला होता, पण हा पेपर सुटल्याशिवाय पक्का होणार नव्हता. पेपर मंगळवारी सकाळी, आणि लेखनिकाचं नाव कॉलेजात सोमवारी दुपारपर्यंत द्यायचं. ज्या बाई लिहिणार होत्या त्यांनी सकाळीच फोन करून सांगितलं होतं की मुलाला ताप आलाय.

“आणि यादी काय म्हणते?” मी विचारलं.

त्यांनी बटण दाबलं. यादी क्षणात आली, रिकामी. ‘योग्य लेखनिक उपलब्ध नाही.’

“हिंदी, मंगळवार सकाळ, येलहंका,” मी म्हटलं. “कठीणच आहे अक्का. नोकरीवाले कोण येणार?”

“म्हणजे कोण का नाही?”

“ते यादी नाही सांगत.”

“आधी माझं रजिस्टर सांगायचं.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सहज विचारलं, “तुझे बाबा हिंदी लिहितात की. ते का नाहीत?”

आता मी काय म्हणाले ते लिहायचीही मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, “यादीत नाहीत म्हणजे काहीतरी कारण असेल.” घरात बसून वॉचमनशी सरी-सरी करणाऱ्या माझ्या बापाला कसलं कारण असणार होतं? पण मी माझ्या प्रोग्रामची बाजू घेतली, बाबांच्या विरुद्ध. अक्का म्हणाल्या, “मग ते कारण बघू या की.”

आधी मी बाबांचं नाव शोधलं. होतं. वय अडुसष्ट, भाषा तीन, वार सगळे, अंतराची अट नाही. मग ती मोठी क्वेरी उघडली आणि फक्त बाबांच्या नावाने चालवली. काही नाही. भाषेची अट काढून टाकली. नाही आले. वाराची काढली, नाही. अंतराची काढली, विषयाची काढली, तरीही नाही. आता मला राग येणं थांबलं होतं आणि नुसतं कुतूहल उरलं होतं, म्हणजे खरोखर, अंगावर काटा येण्याइतकं. माणूस डेटाबेसात आहे, चार अटी काढल्या, आणि तरी तो दिसत नाही. हे व्हावंच कसं? अक्का माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना पडद्यावरचं काही कळत नव्हतं, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी विश्रांतीचा नियम राहिला. तो काढला, आणि बाबा आले.

नियम साधा होता. परवाच पेपर लिहिलेल्याला लगेच दुसरा द्यायचा नाही. त्यासाठी शेवटचा पेपर कधी लिहिला ते बघायला हवं, म्हणून मी स्वयंसेवकांचं कोष्टक जुन्या पेपरांच्या कोष्टकाला जोडलं होतं. आता ज्याने एकही पेपर लिहिलेला नाही त्याची त्या दुसऱ्या कोष्टकात ओळच नाही. आणि डेटाबेसला मी जशी जोडणी सांगितली होती तीत, ज्याला पलीकडे जोडीदार नाही तो यादीतून सरळ बाहेर. चूक झाली असं तो म्हणत नाही, इशारा देत नाही, रिकामी जागाही सोडत नाही. मी विचारलेल्या प्रश्नाचं त्याने बरोबर उत्तर दिलं होतं. थोडक्यात, माझ्या क्वेरीत ज्याला कधी बोलावलेलं नाही त्याला कधीच बोलावलं जाणार नव्हतं.

मी माझा जुना कोड काढून बघितला, तो रखडणारा. ‘विश्रांती झाली का’ या फंक्शनची पहिलीच ओळ होती: एकही पेपर लिहिला नसेल तर, हो. ती ओळ मीच लिहिली होती. त्या छोट्याशा, स्वच्छ जागेत मला ती सुचली होती, कारण तिथे विचार करायला दुसरं काही नव्हतंच. सात कोष्टकांच्या गर्दीत ती माझ्या हातून सांडली आणि सांडल्याचा आवाजही झाला नाही. नुसतं एवढंच नाही. रखडणाऱ्या यादीवर आम्ही दोघींनी कायम संशय घेतला होता. वेगाने येणाऱ्या यादीवर पाच महिने कुणी घेतला नाही.

“किती जण असे?” अक्कांनी विचारलं.

मी मोजले. बाबा धरून एकेचाळीस.

अक्का खुर्चीवर बसल्या. “तरीच मी म्हणायची, परत परत तेच लोक का येतायत,” त्या म्हणाल्या. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, “काखेत कळसा गं बाई.” मला बोलल्या नाहीत त्या, स्वतःलाच बोलल्या. ते मला जास्त लागलं.

बाबांना फोन अक्कांनी केला. मी करू शकले नाही. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, फक्त अक्का म्हणत होत्या, “हो हो, परवाच. हो, हिंदीच. हो, तुम्हीच.”

सोमवारी मी रजा टाकली. सकाळी बाबांचं नाव कॉलेजात पोचवलं आणि चामराजपेटेत येऊन आम्ही दोघींनी उरलेले चाळीस फोन वाटून घेतले. बरेच जण चटकन ‘येतो’ म्हणाले. तिघा-चौघांनी गाव सोडलं होतं. एक बाई फार नम्रपणे म्हणाल्या की आता नको, मध्ये वेळ होता तेव्हा जमलं असतं. “मला वाटलं, तुमच्याकडे माणसं पुष्कळ आहेत,” त्या म्हणाल्या. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “असं होतं का कधी?” आणि मला वाटतं, त्यांचा विश्वास बसला नाही.

दुपारी मी ती क्वेरी मोडली. जुना रखडणारा कोड जसाच्या तसा परत आणण्यात अर्थ नव्हता, आणि नवा ठेवायची माझी छाती नव्हती. मग घरी आपण जे करतो तेच केलं. सामान दोन खेपांत एकदम आणायचं, आणि निवडायला घरी बसायचं. डेटाबेसाकडून सगळ्यांची सगळी माहिती दोन प्रश्नांत आणून घेतली आणि पाच नियमांची ती पाच छोटी फंक्शनं पुन्हा आपापल्या नावानिशी कामाला लावली. आता यादीला दोन सेकंद लागतात. अक्कांनी एक अट घातली. जो यादीत नाही त्याच्यासमोर कारण दिसायला हवं, त्यांच्या रजिस्टरसारखं. तो रकाना करताना मला कळलं की कोडलाही तो रकाना नीट ठेवतो. एका गाठोड्यात कोंबलेल्या अटींना ‘कोण कुठल्या अटीत अडकला’ हे सांगताच येत नाही, त्यासाठी अटी वेगवेगळ्याच लागतात. कारण न देता कुणाला गाळायची सोय मी प्रोग्राममधून काढून टाकली.

मंगळवारी सकाळी सहाला आम्ही निघालो, कारण इलेक्ट्रॉनिक सिटी शहराच्या एका टोकाला आणि येलहंका दुसऱ्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात तीन पेनं होती. बसमध्ये त्यांनी तिन्ही पेनं तिकिटाच्या पाठीवर चालवून बघितली. चूक माझी होती हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. अक्कांनी फोनवर सांगितलं नसावं, आणि मला तोंड उघडायचा धीर होत नव्हता. पेपर होऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला बजावत होते.

ती मुलगी कॉलेजच्या फाटकाशी पांढरी काठी घेऊन उभी होती. बाबांनी हिंदीत नाव सांगितलं, तशी ती म्हणाली, “पहली बार लिख रहे हैं ना, अंकल?” बाबा हो म्हणाले. मग तिने त्यांना तिथेच उभं राहून धडे दिले. ती सांगेल तेच आणि तेवढंच लिहायचं. आपल्याकडून शब्द घालायचा नाही. “मैं ग़लत बोलूँ तो भी वही लिखना.” मागे एका लेखनिकाने तिचं उत्तर सुधारलं होतं, आणि सुधारताना बिघडवलं होतं. बाबा जन्मभर दुसऱ्याच्या मोजमापाने चित्र काढलेला माणूस. ते म्हणाले, “जैसा बोलोगी वैसा.” ती खूश झाली.

तीन तास मी कॉलेजच्या आवारात बसले होते. ऑफिसचं काहीतरी काम फोनवर उघडलं होतं, पण एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. या मुलीचा पेपर आज कोरा गेला असता. का, तर माझी क्वेरी वेगवान होती म्हणून. तिला हे माहीतही झालं नसतं. लेखनिक मिळाला नाही, एवढंच तिला कळलं असतं, आणि तिने बी.एड.चा प्रवेश सोडून पुढच्या वर्षाची वाट बघितली असती.

ती दोघं बाहेर आली ती हसतच. मुलीने मला सांगितलं की अंकलनी एकदाच घोटाळा केला, तिने सांगितलेला शब्द त्यांना पटला नाही आणि पेन थांबलं. तिने विचारलं, का थांबलात? ते म्हणाले, काही नाही, आणि लिहिला. दोन पुरवण्या लागल्या. प्रत्येक उत्तर त्यांनी तिला वाचून दाखवलं होतं. “हो जाएगा,” ती म्हणाली. मग तिने बाबांचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घेतला, वर्गातल्या आणखी एकीला हिंदी राहिलंय म्हणाली, आणि काठी टेकत गेली.

बसथांब्यावर बाबा उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत बसले होते. तिथे मी सांगितलं. फार फिरवलं नाही. म्हटलं, “बाबा, पाच महिने तुम्हाला फोन आला नाही तो माझ्या चुकीमुळे. ज्यांनी आधी कधी लिहिलं नाही ते सगळेच माझ्या प्रोग्राममधून गळत होते. तुमची गरज होती. मी तुम्हाला उगाच काहीतरी सांगितलं.”

बाबांनी बोटं चोळणं थांबवलं. मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

“चूक होती होय?” ते म्हणाले. “मग बरं झालं. फॉर्मवर वय लिहायला सांगितलं होतं ना, मला वाटलं, ते बघून गाळलं. चूक काय, दुरुस्त होते.”